उघड्या मोटारीतील खर्ज

जपानमधील हिरोशिमा येथे माझदा कंपनीच्या कारखान्यात तयार होणारी एमएक्स-५ ही दोन आसनांची, टप मागे टाकता येणारी छोटी मोटार १९८९ च्या फेब्रुवारीत शिकागोच्या प्रदर्शनात प्रथम लोकांसमोर आली. तिचे वजन साडेनऊशे किलोच्या आसपास होते. २०१६ च्या एप्रिलमध्ये या मालिकेतील दहा लाखावी गाडी कारखान्याबाहेर पडली. या मोटारीचे सारे तत्त्वज्ञान एका शब्दात सांगायचे तर तो शब्द हलकेपणा हा होय. अभियंत्यांनी तिच्या अंगावरचा एकेक ग्रॅम खरवडून काढला. आणि एवढा खटाटोप झाल्यावर अमेरिकेतील तिचा मालक एखाद्या शनिवारी गॅरेजात उभा राहून तिच्यात दहा-बारा किलोची लाकडी पेटी, जाड तांब्याची तार आणि शे-दोनशे वॅटचा अँप्लिफायर बसवितो. कारण एकच. टप उघडला की गाण्यातला खर्ज नाहीसा होतो, आणि तो परत आणणाऱ्या यंत्राचे नाव सबवूफर.

समाजवादी कार्यकर्त्याने या हौसेकडे पाहून नाक मुरडावे आणि मोकळे व्हावे, हे सोपे आहे. चैनीच्या वस्तूवर आणखी एक चैन चढविली, असा शेरा मारला की विचार करण्याचे श्रम वाचतात; चळवळीत ही सवय वाजवीपेक्षा अधिक फोफावली आहे. वास्तविक जुन्या बाजारातील एमएक्स-५ ही कोट्यधीशाची मोटार नव्हे, साधा पगारदार माणूसही ती घेऊ शकतो. आठवडाभर दुसऱ्याच्या घड्याळावर राबलेल्या माणसाने सुटीच्या संध्याकाळी टप उघडून गाणे ऐकावे, यात निषेधार्ह काही नाही. विचारायचा प्रश्न निराळाच आहे. टप उघडल्यावर नाहीसा झालेला खर्ज जातो कोठे?

सेकंदाला पन्नास आंदोलने होणाऱ्या स्वराची ध्वनिलहर जवळजवळ सात मीटर लांब असते. एमएक्स-५ ची एकूण लांबी चार मीटरही भरत नाही, आणि माणसे बसतात ती जागा तर त्याहून कितीतरी आखूड. बंद मोटारीत एवढी लांब लहर पसरायला जागाच नसते. त्यामुळे आतली सगळी हवा एकदमच दाबली जाते व सैल होते, आणि खर्ज आपोआप बळावतो. बंद मोटारीच्या मालकाला निसर्गाने दिलेले हे अनुदानच म्हणायचे. टप मागे टाकला की अनुदान बंद. हवेचा दाब साठत नाही, लहर सरळ आकाशात व रस्त्यावर निघून जाते. त्यातच वाऱ्याचा आणि चाकांचा आवाज मुख्यतः खालच्या पट्टीतला असल्यामुळे जो थोडा खर्ज उरतो तोही त्याखाली झाकला जातो.

हा वाऱ्याचा आवाज किती असतो? सेंट लुई विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली प्रसिद्ध केलेल्या मोजणीनुसार ताशी ५५ मैलांच्या पुढे बहुतेक उघड्या मोटारींत चालकाच्या कानाशी ८५ डेसिबल किंवा त्याहून अधिक आवाज असतो. अमेरिकेच्या व्यावसायिक आरोग्य संस्थेने १९९८ साली कामगारासाठी आठ तासांच्या पाळीची जी मर्यादा सुचविली, ती हीच ८५ डेसिबलची. (कायद्याने प्रत्यक्षात बांधलेली मर्यादा ९० ची आहे, मालकवर्ग पाच डेसिबलसुद्धा सहजासहजी सोडत नाही.) म्हणजे यंत्रशाळेतून सुटलेला माणूस मनाच्या विश्रांतीसाठी पुन्हा यंत्रशाळेइतक्याच गोंगाटात जाऊन बसतो, आणि त्या गोंगाटावर मात करण्यासाठी पदरचे पैसे खर्चून आणखी गोंगाट विकत घेतो. दहा डेसिबल वाढवायचे तर दसपट वॅट लागतात. बाजाराला याहून चांगले गिऱ्हाईक कोणते मिळणार?

सबवूफर बसवायची जागा शोधणे हीदेखील कसरतच. पहिल्या पिढीच्या गाडीत पेट्रोलची टाकी आसनांमागे आहे, तेव्हा डिकीतून आत भोक पाडण्याचा बेत शहाण्याने सोडून द्यावा. डिकीत बॅटरी असते. अँप्लिफायरची तार त्यामुळे आखूड पडते, पण बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घातला नाही तर तार घासून आग लागायला वेळ लागत नाही. आणि डिकी व बैठक यांच्यामध्ये पत्र्याची भिंत असल्यामुळे तेथे वाजविलेला खर्ज चालकापर्यंत पोहोचतो थोडा, मागून येणाऱ्यापर्यंत पोहोचतो पुष्कळ. म्हणून बरेच जण सहप्रवाशाच्या पायांशी छोटी बंद पेटी ठेवतात. २०१५ नंतरच्या पिढीत कंपनीनेही महागड्या संचातला सबवूफर तेथेच बसविला. पेटी छोटी, स्वर खालचा आणि वीज कमी, या तीन गोष्टी एकाच वेळी मिळत नाहीत. दोन घ्याव्यात आणि तिसरी सोडावी, असा अँटन हॉफमन यांच्या नावाने ओळखला जाणारा नियम आहे. निसर्गापाशी घासाघीस चालत नाही.

या छोट्या पेटीचा इतिहास मात्र समाजवाद्यांनी मुद्दाम जाणून घ्यावा असा आहे. न्यूयॉर्क विद्यापीठात शिकविणारे एडगर व्हिलचर यांनी १९५४ साली दाखवून दिले की पेटी हवाबंद केली आणि आतल्या हवेलाच स्प्रिंगचे काम दिले, तर कपाटाएवढ्या पेटीतला खर्ज पुस्तकांच्या फळीवर मावेल एवढ्या पेटीतून निघू शकतो. त्यांच्या पेटंटाला प्रतिस्पर्धी कंपनीने आव्हान दिले; निकाल विरुद्ध गेल्यावर व्हिलचर वरच्या न्यायालयात गेले नाहीत आणि ती रचना सर्वांची झाली. पुढे ते श्रवणयंत्रांकडे वळले. बहिरेपण आलेल्या माणसाला हलका व मोठा आवाज निरनिराळ्या पट्ट्यांत जुळवून ऐकविण्याची जी पद्धत त्यांनी शोधली, ती त्यांनी १९७३ साली सरळ प्रसिद्ध करून टाकली, पेटंट घेतले नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांचा १९६१ चा आणि रिचर्ड स्मॉल यांचा १९७२-७३ चा अभ्यासही असाच खुल्या नियतकालिकांत आला. पेटी किती लिटरची करावी याचा हिशेब आज कोणताही हौशी माणूस मांडतो तो त्यांच्याच सूत्रांवर. खर्जाचे शास्त्र अशा रीतीने सर्वांच्या मालकीचे आहे. त्या शास्त्राच्या जोरावर विकली जाणारी पेटी मात्र खासगी, आणि तिच्यातून सांडणारा आवाज पुन्हा सर्वांच्या वाट्याला.

या सांडण्याबद्दल कायदा काय म्हणतो? फ्लोरिडा राज्यात पंचवीस फुटांवरून स्पष्ट ऐकू येईल असे गाणे मोटारीत लावणे हा गुन्हा होता. मात्र धंद्याच्या किंवा राजकीय प्रचाराच्या गाड्या आपल्या नित्याच्या कामासाठी ध्वनियंत्रे वापरीत असतील तर त्यांना सूट होती. आइस्क्रीम विकणाऱ्याने ओरडावे, उमेदवाराने ओरडावे. नागरिकाने गाणे ऐकू नये! डिसेंबर २०१२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने हा कायदा अभिव्यक्तिस्वातंत्र्याच्या विरुद्ध म्हणून रद्द केला. ‘स्पष्ट ऐकू येणे’ ही कसोटी न्यायालयाला संदिग्ध वाटली नाही. आक्षेप होता तो व्यापाऱ्याला एक न्याय आणि साध्या माणसाला दुसरा, या भेदाला. २०२२ साली राज्याने पंचवीस फुटांची अट पुन्हा अंमलात आणली. ती मोजायची कशाने, तर रस्त्यावर उभ्या असलेल्या पोलिसाच्या कानाने.

पोलिसाचा काय किंवा शेजाऱ्याचा काय, कान हा समाजातच घडतो. अमेरिकेत मोटारीतल्या खर्जाची आवड वाढविली ती न्यूयॉर्क व मायामी येथील कृष्णवर्णीय तरुणांनी. रोलँड या जपानी कंपनीने १९८० साली काढलेले टीआर-८०८ हे तालयंत्र बाजारात पडले, १९८३ साली त्याचे उत्पादन थांबले आणि ते जुन्या बाजारात स्वस्तात मिळू लागले. त्याचा लांब घुमणारा ठोका गरीब वस्त्यांतल्या संगीताचा कणा बनला. पुढे तोच ठोका साऱ्या जगाच्या गाण्यात शिरला आणि एमएक्स-५ च्या मालकाला आज ज्या खर्जाची चुटपुट लागते, तो पुष्कळसा त्याच कुळातला आहे. आता दोन मोटारी शेजारी उभ्या करून पाहाव्यात. उघड्या छोट्या गाडीतील पन्नाशीच्या गोऱ्या गृहस्थाने आवाज वाढविला तर लोक त्याला हौशी म्हणतात. फ्लोरिडाच्याच जॅक्सनव्हिल शहरात, न्यायालयाच्या त्या निकालाच्या तीनच आठवडे आधी, २३ नोव्हेंबर २०१२ रोजी पेट्रोल पंपावर एक मोटार उभी होती. आत चार कृष्णवर्णीय मुले होती आणि गाणे मोठ्याने लागले होते. शेजारच्या गाडीतील गोऱ्या माणसाने ते कमी करायला सांगितले, शब्दाला शब्द वाढला आणि त्याने दहा गोळ्या झाडल्या. सतरा वर्षांचा एक मुलगा ठार झाला. मारेकऱ्याला २०१४ साली जन्मठेप झाली. आवाज किती डेसिबल होता, हा प्रश्न त्या पंपावर कोणाच्याही मनात नव्हता.

म्हणून आवाजाचे माप कानावर सोडता कामा नये, ते यंत्रानेच घेतले पाहिजे. पण येथे एक अडचण आहे, आणि ती महाराष्ट्राशी थेट संबंधित आहे. भारताच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी निवासी भागासाठी दिवसा ५५ व रात्री ४५ डेसिबलची मर्यादा घातली. हे डेसिबल ‘ए’ पद्धतीचे आहेत. ही पद्धत मंद आवाज माणसाला कसे ऐकू येतात यावर बेतलेली असून, खालचे स्वर कानाला कमी ऐकू येतात म्हणून ती त्यांची मोजदादच कमी करते. पन्नास आंदोलनांच्या स्वरातून तर तीस डेसिबल वजा होतात. नव्वद डेसिबलचा खर्ज यंत्रावर साठ म्हणून नोंदला जातो. खिडकीची तावदाने थरथरतात, आजाऱ्याच्या छातीत धडधडते, आणि हवालदाराच्या हातातील मीटर मात्र खरा दोषी ओळखीतच नाही. गणेशोत्सवातील डीजेच्या भिंतीसमोर राहणाऱ्या माणसाचा अनुभव आणि कागदावरची नोंद यांत जी दरी पडते, तिचे हे एक मोठे कारण आहे. उघड्या मोटारीतली पेटी आणि ट्रकवरची ती भिंत यांत फरक वॅटचा आहे, तत्त्वाचा नाही. छत नसलेल्या ठिकाणी खर्ज वाजविला की त्याचा मोठा वाटा न मागणाऱ्याच्याच घरी जातो.

‘सी’ नावाची दुसरी मापनपद्धत उपलब्ध आहे. तीत पन्नास आंदोलनांच्या स्वराला जेमतेम सव्वा डेसिबलची सूट मिळते. खर्जासाठी तीच वापरली पाहिजे, आणि ती सर्वांना सारखी लागू झाली पाहिजे. मोटारीला लागू, मिरवणुकीला लागू, आणि निवडणुकीच्या प्रचाराच्या जीपलाही लागू. या शेवटच्या बाबतीत समाजवाद्यांनी स्वतःची पाटी कोरी असल्याचा आव आणू नये. टपावर दोन कर्णे बांधून दुपारच्या वेळी चाळीचाळीतून फिरणाऱ्या गाड्या सर्व पक्षांच्या होत्या, आणि फ्लोरिडाच्या कायदेमंडळाने राजकीय गाड्यांना दिलेली सूट येथील कोणत्याही पक्षाने खुशीने घेतली असती.

हौशी मालकाचा मार्ग यामुळे बंद होत नाही. आसनाच्या पाठीत बसविण्याची कंपयंत्रे मिळतात. खालचा ठोका ती हवेतून न नेता थेट पाठीच्या कण्याला देतात आणि रस्त्यावर जवळजवळ काहीच सांडत नाही. मस्तकाशी छोटे स्पीकर असतील तर कानासाठी कमी वॅट पुरतात. एमएक्स-५ च्या पहिल्या पिढीपासून असे स्पीकर मिळत आले आहेत. पायांशी ठेवलेली बंद पेटी हीसुद्धा पुरेशी आहे, मात्र सिग्नलला गाडी उभी राहिली आणि वारा थांबला की तिचा आवाज उतरवायला हवा. महामार्गावर ज्याच्याशी तिची झुंज होती, तो गोंगाट तेथे उरलेला नसतो.

राहिला प्रश्न नियमांचा. २००० चे नियम केंद्र सरकारने १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्याखाली केलेले आहेत, तेव्हा दुरुस्तीची मागणी दिल्लीकडे न्यावी लागेल. अनुसूचीत एक रकाना वाढवायचा आहे. पुष्कळशा ध्वनिमापकांवर ‘ए’ वरून ‘सी’ वर नेण्याचा खटका आधीपासूनच असतो.