आलेल्या माणसाला बाजार दाखवा

गेल्या वर्षी जूनमध्ये, प्रवेशांची धावपळ चालू असताना, आपल्या परभणी जिल्ह्याच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात एक मुलगी लिंकवरून आली. सोनपेठ तालुक्यातल्या एका खेड्यातली. आल्या आल्या तिने सलाम लिहिला आणि खाली एक प्रश्न विचारला. इतर मागासवर्गाचा जातीचा दाखला काढायचा आहे, आजोबांच्या शाळेचा निर्गम उतारा सापडला आहे, पण तो उर्दूत आहे आणि केंद्रावरचा माणूस म्हणतो, आधी मराठीत करून आणा. कुठे करून मिळेल?

तिच्या सलामालासुद्धा जवाब आला नाही. सलामाचा जवाब देणं का जरुरी आहे हे सांगणारी चित्रं मात्र त्याच आठवड्यात गटात तीनदा फिरली होती. दोन तासांनी एकाने विचारलं, ‘ये नंबर किसका है? कौन अ‍ॅड करा?’ दुसऱ्याने लिहिलं, अनोळखी नंबर काढून टाका. मग कुणीतरी एका सभेचे पन्नास फोटो टाकले आणि तिचा प्रश्न वर सरकून दिसेनासा झाला. रात्री तिघांनी तिला वैयक्तिक मेसेज केले. एकाने काम करून देतो म्हणून फोटो मागितला. कागदाचा नाही, तिचा. सकाळपर्यंत ती गटातून निघून गेली होती. पुढे तिच्या शिक्षिकेकडून कळलं की भावाने मेसेज पाहिले आणि फोन काढून घेतला.

या गटाचे अ‍ॅडमिन आम्हीच आहोत. म्हणून हा अग्रलेख कुणावर टीका म्हणून वाचू नये.

तिचा प्रश्न किती मोलाचा होता ते आधी सांगायला हवं. महाराष्ट्रात इतर मागासवर्गाच्या जात पडताळणीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीचा पुरावा लागतो. पिंजारी, मोमीन, तांबोळी अशा कितीतरी घरांत असा कागद असतो तो आजोबा-पणजोबांच्या शाळेचा. मराठवाडा सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता आणि राज्यकारभाराची भाषा उर्दू होती. त्यामुळे शाळेच्या प्रवेश-निर्गम रजिस्टरातल्या जुन्या नोंदी, खासरा पत्रकं, महसुलाचे कागद उर्दूत सापडतात. २०२३ मध्ये कुणबी नोंदी शोधायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती बसली, तेव्हा जुनं उर्दू आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध सगळ्या मराठवाड्याने पाहिली. आपल्या जिल्हा गटात निवृत्त उर्दू शिक्षक चार-पाच तरी आहेत. तो उतारा वाचायला त्यांतल्या कुणालाही दहा मिनिटं लागली नसती. ज्या कामासाठी ही चळवळ आहे ते काम आपल्या पायाने चालत आलं होतं, आणि आम्ही त्याला ‘नंबर किसका है’ विचारलं.

कायद्याच्या बाजूने आम्ही निर्धास्त आहोत. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात निकाल दिला. गटातल्या सदस्याने एका महिला सदस्याबद्दल गलिच्छ भाषा वापरली, अ‍ॅडमिनने त्याला काढलं नाही, म्हणून अ‍ॅडमिनवरही गुन्हा दाखल झाला होता. सदस्याच्या आक्षेपार्ह मजकुराबद्दल, दोघांचा समान हेतू दिसत नसेल तर, अ‍ॅडमिनला फौजदारी जबाबदार धरता येत नाही असं सांगून न्यायालयाने तो गुन्हा रद्द केला. निकाल योग्यच आहे. नाहीतर उद्या कुणीही गट चालवायला धजणार नाही. पण तो निकाल वाचताना त्या बाईचं काय झालं हा प्रश्न डोक्यातून जात नाही. ती त्या गटात राहिली असेल का? फौजदारी जबाबदारी नसणं आणि जबाबदारीच नसणं यांत फरक आहे, आणि आपल्याकडचे पुष्कळ अ‍ॅडमिन पहिल्याच्या आडोशाला दुसरं लपवतात.

आता नव्या माणसाचं स्वागत कसं करावं, याकडे येऊ. आपल्याला यासाठी परदेशी संस्थांच्या पुस्तिका चाळायची गरज नाही. हिजरतनंतर मक्केहून आलेले मुहाजिर मदिनेत पोहोचले तेव्हा त्यांच्याजवळ घर नव्हतं, धंदा नव्हता, ओळख नव्हती. पैगंबरांनी एकेका मुहाजिरला एकेका अन्सारशी भाऊ म्हणून जोडून दिलं. यालाच मुआखात म्हणतात. अब्दुर्रहमान बिन औफ यांना सअद बिन रबी यांच्याशी जोडलं होतं. सअदनी आपली निम्मी मालमत्ता देऊ केली. अब्दुर्रहमाननी दुआ दिली आणि म्हणाले, मला फक्त बाजार कुठे आहे ते दाखवा. दुसऱ्या दिवसापासून ते पनीर आणि तूप विकू लागले.

ही गोष्ट आपण लहानपणापासून ऐकतो ती सअदच्या दिलदारपणासाठी. आम्हाला ती अलीकडे अब्दुर्रहमानच्या प्रश्नासाठी महत्त्वाची वाटते. नव्या माणसाला आपली निम्मी इस्टेट नको असते. फुलांच्या गुच्छाची चित्रं आणि ‘खुशआमदीद’चे चाळीस मेसेजही नको असतात. उलट त्या चाळीस मेसेजांनी तो बावरतो, आणि त्याचा प्रश्न त्यांच्याखाली गाडला जातो. त्याला रस्ता विचारायचा असतो. आणि रस्ता सांगायला गट लागत नाही, एक माणूस लागतो. त्या गोष्टीत सगळ्या अन्सारांनी मिळून सगळ्या मुहाजिरांचं स्वागत केलं असं नाही. जोड्या लावल्या होत्या. सगळ्यांची जबाबदारी म्हणजे कुणाचीच नाही, हे आपल्या मोहल्ल्यातल्या नळाच्या तोटीला विचारा.

म्हणून पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून जिल्हा गटात आम्ही असं करणार आहोत. जो नवा येईल त्याला त्याच दिवशी एक नाव दिलं जाईल. शक्यतो त्याच्याच तालुक्यातलं, आणि बाई असेल तर बाईचंच. हा सोबती पहिले आठ दिवस त्याच्यासाठी असेल. पहिला मेसेज तोच करील. तुम्हाला काय हवं आहे, एवढंच विचारील. तुम्ही कोण, कुणाचे, कोणत्या जमातीचे, हे विचारणार नाही. ओळख सांगायची की नाही, फोटो ठेवायचा की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. नव्या सदस्याने विचारलेल्या प्रश्नाला एका दिवसात उत्तर मिळेल, उत्तर येत नसेल तर ‘माहीत नाही, विचारून सांगतो’ हे तरी मिळेल. आणि गटातल्या बाईला कामाशिवाय वैयक्तिक मेसेज करणारा माणूस पहिल्याच तक्रारीला बाहेर जाईल. त्याचे वडील किती मोठे कार्यकर्ते आहेत हे पाहिलं जाणार नाही. हे वाक्य मुद्दाम लिहिलं आहे.

थोडं यंत्राबद्दल. साध्या गटात शिरलेल्या प्रत्येकाला सगळ्यांचे नंबर दिसतात, आणि आज एका गटात १,०२४ माणसं मावतात. म्हणजे सूचनांसाठी म्हणून आलेली मुलगी हजार अनोळखी माणसांना आपला नंबर देत असते आणि हे तिला कुणी सांगितलेलं नसतं. कम्युनिटीच्या घोषणा-गटात सदस्यांना एकमेकांचे नंबर दिसत नाहीत. जिल्ह्याच्या सूचना आता तिथेच जातील. चर्चेच्या गटात ज्याला यायचं त्याने यावं, पण येण्याआधी आत काय दिसतं ते सोबत्याने सांगायचं. अ‍ॅडमिनच्या मंजुरीशिवाय लिंकवरून कुणी आत येऊ नये अशी सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे. ती आम्ही इतके दिवस लावली नव्हती, आळसाने.

काही साथींचा या सगळ्याला विरोध आहे. ते म्हणतात, ही संघटना आहे, लग्नघर नाही. येणाऱ्याचं औक्षण करत बसलो तर काम कधी करणार? याला आमच्याकडे फारसं उत्तर नाही, सोनपेठच्या मुलीची हकीकत सोडून. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. खोट्या नावाने माणसं घुसतात, भडकाऊ मजकूर टाकतात आणि मग तोच मजकूर आपल्या नावावर फिरतो. हे खरं आहे. १० डिसेंबर २०२४ ला परभणी स्टेशनजवळच्या बाबासाहेबांच्या पुतळ्यापाशी संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली आणि दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं. त्या आठवड्यात फोनवर येणारा कोणता मेसेज खरा आणि कोणता खोटा, हे विचारायला ओळखीचा माणूस शोधावा लागत होता.

पण नीट पाहिलं तर सोबतीची व्यवस्था हाच त्यावरचा उपाय आहे. जो माणूस आठ दिवस कुणाशी बोलला आहे तो नुसता नंबर राहत नाही. घुसखोराला सोबती नको असतो, तो गर्दी शोधतो. आणि अनोळखी म्हणजे घुसखोर हे समीकरण किती महाग पडतं ते महाराष्ट्राने धुळे जिल्ह्यात पाहिलं आहे. १ जुलै २०१८ रोजी साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारे समजून जमावाने पाच जणांना ठेचून मारलं. ते मंगळवेढ्याकडचे नाथपंथी डवरी गोसावी होते, भिक्षुकीसाठी आलेले. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. असे मेसेज ओळखीच्या माणसांकडूनही येतात, हेही लक्षात ठेवलं पाहिजे.

भाषेचा एक मुद्दा राहिला. आपलं मासिक दोन भाषांत निघतं, गट मात्र बहुतेक शुद्ध मराठीत किंवा शुद्ध उर्दूत बोलतो, आणि मधली दखनी बोलणारा गप्प बसतो. जिंतूरच्या मोहल्ल्यात जे बोलतात ते लिहायला लाज वाटते. काही जणींना वाचता येतं पण टाइप करता येत नाही. सोबत्याचा पहिला मेसेज म्हणूनच आवाजी असावा, त्यांच्या बोलीत, आणि एक मिनिटाच्या आत संपणारा. काही जणी नवऱ्याच्या किंवा मुलाच्या फोनवर असतात, तेव्हा तो आवाज घरात आणखी कोण ऐकेल याचं भान ठेवूनच बोलावं. ऊसतोडीला जाणाऱ्या घरांत हंगामात नंबर बदलतो. चार महिन्यांनी परत आलेला जुना सदस्यही आपल्याला नवा वाटतो. त्यालाही सोबती द्यायचा.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला तुराबुल हक बाबांच्या उरुसात येणाऱ्याला कुणाकडून आलात असं कुणी विचारत नाही. लोक सरकून जागा देतात. हे आपल्या शहराच्या अंगवळणी पडलेलं आहे, फोन हातात आल्यावर आपण ते का विसरतो कोण जाणे.

साठ वर्षांमागे, १८ एप्रिल १९६६ ला, हमीद दलवाईंनी मुंबईत विधान भवनावर मुस्लिम महिलांचा मोर्चा नेला त्यात सात जणी होत्या. त्या सातांतली एक जरी घरी राहिली असती तर मोर्चा सहांचा झाला असता, आणि ते नेणाऱ्याला मोजता आलं असतं. आपल्याला गेल्या जूनमध्ये एक माणूस कमी झालेला आठ दिवस कळला नव्हता.

सोबती म्हणून आजवर नावं आली आहेत त्यांत पुरुष जास्त आहेत. पाथरी, पालम आणि सोनपेठमधून अजून एकाही बाईचं नाव नाही. आठवड्याला दोन तास देता येतील अशा आपा-ताईंनी कळवावं. नोकरी, मुलं, स्वयंपाक सांभाळून हे वर आणखी एक काम आहे याची जाणीव आहे, म्हणून एका बाईकडे एका वेळी दोनपेक्षा जास्त नव्या सदस्या द्यायच्या नाहीत असं ठरलं आहे.

त्या मुलीशी आमचा थेट संपर्क नाही. तिच्या शिक्षिकेमार्फत निरोप दिला आहे. उतारा वाचून द्यायला गटातले एक उर्दूचे मास्तर तयार आहेत, अधिकृत भाषांतरासाठी कुठे जायचं तेही ते सांगतील. शिक्षिकेने कळवलं आहे की घरच्यांशी बोलते.

— संपादक