अलिसा परत आली, पण 'उद्या' कुठं गेला?

मॉस्कोतला एक शाळकरी पोरगा. नाव कोल्या गेरासिमोव्ह, इयत्ता सहावी. एके दिवशी केफिर आणायला म्हणून घराबाहेर पडतो. केफिर म्हणजे आपल्या ताकाचा रशियन चुलतभाऊ. वाटेत एका ओसाड घराच्या तळघरात शिरतो, तिथल्या विचित्र यंत्राची बटणं दाबतो आणि धाडकन पोचतो थेट २०८४ सालात! डोक्यावरून वाहनं उडताहेत, माणसं चंद्रावर जाताहेत आणि आपला कोल्या हातातली बाटल्यांची पिशवी सांभाळत तोंडाचा आ वासून उभा!

हे दृश्य तुम्ही-आम्ही पाहिलेलं असण्याची शक्यता कमीच. पण आज पन्नाशीच्या आसपास असलेल्या कुठल्याही रशियन माणसाला नुसतं 'अलिसा' म्हणा, त्याचे डोळे लकाकतात. 'गोस्त्या इज बुदुश्चेवो', म्हणजे 'भविष्यातून आलेली पाहुणी' ही पावेल आर्सेनोव्ह यांनी दिग्दर्शित केलेली पाच भागांची टीव्ही फिल्म १९८५ च्या मार्चअखेरीस, शाळांना वसंत ऋतूची सुट्टी असताना सोव्हिएत दूरदर्शनवरून दाखवली गेली. त्या वर्षी टीव्हीसमोर बसलेली पोरं अजूनही ती सुट्टी विसरलेली नाहीत.

तीच अलिसा एप्रिल २०२४ मध्ये मोठ्या पडद्यावर परत आली. नवा चित्रपट, नवे कलाकार, संगणकाची सगळी करामत. दिग्दर्शक अलेक्सांद्र आंद्र्युश्चेन्को. नाव मात्र मूळ पुस्तकाचं घेतलं, 'स्तो ल्येत तोमू वपेर्योद'. या नावातच एक गंमत आहे. रशियनमध्ये 'शंभर वर्षांपूर्वी' म्हणताना जे शब्द वापरतात, त्यातल्या 'मागे'च्या जागी लेखकानं 'पुढे' घातलं. म्हणजे साधारण 'शंभर वर्षांपूर्वी, पण पुढे'! असा खट्याळपणा करणारा लेखक कोण, हे सांगितल्याशिवाय पुढं जाता येणार नाही.

त्याचं नाव किर बुलिचोव्ह. आणि हे नाव खोटं! खरं नाव इगोर मोझेइको. जन्म १९३४, मृत्यू २००३. पेशानं इतिहासाचा अभ्यासक, मॉस्कोच्या प्राच्यविद्या संस्थेत नोकरी आणि अभ्यासाचा विषय कोणता, तर आपला शेजारी ब्रह्मदेश! संस्थेतल्या वरिष्ठांना आपला संशोधक फावल्या वेळात उडत्या तबकड्यांच्या गोष्टी लिहितो हे रुचेल की नाही, ही धास्ती होती. म्हणून बायकोचं नाव किरा आणि आईचं माहेरचं आडनाव बुलिचोवा, यांची सांगड घालून साहेबांनी टोपणनाव घेतलं. वर्षानुवर्षं गुपित टिकलं. १९८२ मध्ये पटकथांसाठी सरकारी पारितोषिक मिळालं आणि मग मात्र बिंग फुटलं. अलिसा हे नायिकेचं नाव त्यांच्या स्वतःच्या मुलीचं. बाप मुलीला गोष्ट सांगतो तसा त्या कथांचा सूर आहे आणि त्यांच्या लोकप्रियतेची किल्लीही तीच असावी.

आता मूळ गोष्टीकडे वळू. भविष्यातल्या अलिसाकडे 'मिएलोफोन' नावाचं एक यंत्र असतं. ते दुसऱ्याच्या मनातले विचार ऐकवतं. अलिसा ते कशाला वापरते? प्राणिसंग्रहालयातल्या मुक्या जिवांच्या मनात काय चाललंय ते ऐकायला! अवकाशातले दोन चाचे मात्र त्या यंत्रावर टपलेले. कोल्या यंत्र वाचवतो आणि घाबरून आपल्या काळात पळून येतो. त्याला शोधत अलिसाही मागोमाग येते. तिला फक्त त्याचं नाव आणि वर्ग ठाऊक. आणि त्या एका वर्गात कोल्या तीन! झाली की नाही पंचाईत?

शेवटी अलिसा निरोप घेते तेव्हा वर्गातली मुलं तिला गराडा घालतात, पुढं आमचं काय होणार ते सांग म्हणून. ती एकेकाचं भविष्य सांगते. कुणी विम्बल्डन जिंकणार, कुणी मुलांची डॉक्टर होणार, कुणी खराखुरा चित्रकार. पाठोपाठ येव्गेनी क्रिलातोव्ह यांच्या चालीतलं, येणाऱ्या काळाला आर्जव करणारं गाणं सुरू होतं आणि भल्याभल्यांच्या घशात आवंढा येतो. अलिसाचं काम करणारी नताशा गुसेवा तेव्हा अवघी बारा-एक वर्षांची. देशभरातून तिच्या नावावर पत्रांचा पाऊस पडला. पण पोरगी हुरळून गेली नाही. मोजक्या चित्रपटांनंतर तिनं अभिनय सोडला आणि ती जीवरसायनशास्त्रज्ञ झाली. चाहत्यांचं प्रेम मात्र आटलं नाही. २००१ मध्ये त्यांनी मॉस्कोतल्या एका उद्यानात अलिसाच्या नावानं झाडांची रांग लावली. कादंबरीतल्या पात्राच्या नावानं वृक्षारोपण! असं भाग्य किती नायिकांच्या वाट्याला येतं?

मग एवढ्या लाडक्या गोष्टीला पुन्हा हात लावायचा कशाला? याची दोन उत्तरं आहेत. एक धंद्याचं आणि दुसरं मनाचं.

धंद्याचं आधी. फेब्रुवारी २०२२ मध्ये रशियानं युक्रेनवर आक्रमण केलं. त्यानंतर डिस्नी, वॉर्नर, सोनी अशा हॉलिवूडच्या बड्या कंपन्यांनी रशियात नवे चित्रपट पाठवणं थांबवलं. थिएटरं तर उघडी, मग पडद्यावर लावायचं काय? निर्मात्यांनी आजीबाईचा बटवा उघडला. १ जानेवारी २०२३ ला मोठ्या कानांचा 'चेबुराश्का' आला आणि त्यानं सहा अब्जांहून अधिक रुबल कमावले. तोवर कुठल्याही रशियन चित्रपटाला एवढी कमाई जमली नव्हती. झालं! सोव्हिएत काळातली बालगीतं, परीकथा, व्यंगपट यांना एकामागून एक नवं रूप मिळायला लागलं. २०२४ च्या आरंभी 'ब्रेमेनचे संगीतकार' आले, २०२५ च्या आरंभी 'पाचूनगरीचा जादूगार'. अलिसाही याच लाटेवरून आली. आईबापांनी ज्यावर जीव टाकला, त्याचं तिकीट ते मुलांसाठी डोळे मिटून काढतात, हे गणित जगभर सारखंच.

अर्थात हा खेळ आजचा नाही. अलेक्सांद्र बेल्यायेव्ह यांची 'उभयचर माणूस' ही कादंबरी १९२८ ची. कल्ले बसवलेला, पाण्यात राहणारा एक तरुण, त्याचं प्रेम आणि त्याच्या जिवावर पैसा करू पाहणारी माणसं. तिच्यावरचा चित्रपट १९६२ मध्ये गाजला तेव्हा सहा कोटींहून अधिक तिकिटं विकली गेली. २००४ मध्ये त्याच कथेवर टीव्ही मालिका निघाली. तंत्र पुढं गेलेलं होतं, पण लोकांच्या मनातला समुद्र मात्र जुनाच राहिला. खुद्द अलिसाही २००९ मध्ये व्यंगपटात येऊन गेली होती.

आता मनाचं उत्तर. १९८५ च्या मार्चमध्ये, अलिसा टीव्हीवर येण्याच्या जेमतेम दोन आठवडे आधी मिखाईल गोर्बाचेव्ह सोव्हिएत कम्युनिस्ट पक्षाचे सरचिटणीस झाले होते. हवेत बदलाची चाहूल होती. शाळेतल्या पोरांना वाटलं, आता तो २०८४ चा उजेड इथूनच सुरू होणार. पुढच्या वर्षी चेर्नोबिल झालं. १९९१ च्या डिसेंबरात देशच नकाशावरून पुसला गेला. अलिसानं ज्यांना विम्बल्डनची आणि चित्रकलेची स्वप्नं दिली, ती पिढी विशीत आली तेव्हा दुकानांत रांगा होत्या आणि पगार महिनोन् महिने थकत होते. अशा पिढीला आपल्या मुलांना ती गोष्ट पुन्हा दाखवाविशी वाटली, तर त्यात नवल ते काय? हरवलेल्या वस्तूसाठी माणूस जुनं कपाट पुन्हा पुन्हा उघडून पाहतोच ना!

नव्या कपाटात काय निघालं? नवा कोल्या २०२४ चा आणि अलिसा २१२४ ची. चाचे आहेत, मॉस्कोचं चकचकीत भविष्य आहे, दृश्यं डोळे दिपवणारी आहेत. पण मनातलं ऐकणाऱ्या मिएलोफोनऐवजी आता सगळी धडपड चालते ती 'कॉस्मिओन'साठी. ही वस्तू काळावर सत्ता मिळवून देते. अलिसा हरवलेल्या आईसाठी तळमळते आहे आणि कोल्यावर जग वाचवायची जबाबदारी येऊन पडली आहे. हॉलिवूडच्या अतिमानवी वीरांची आठवण अनेक समीक्षकांना झाली ती उगाच नव्हे.

वयाचंही पाहा. जुन्या फिल्ममध्ये सहावीतलीच पोरं होती, दात पडून नवे आलेली! नव्या कोल्याची भूमिका मार्क एइदेलश्तेइननं केली, तो तेव्हा बावीस वर्षांचा. पोरगा गुणी, यात शंका नाही. हा चित्रपट लागल्यानंतर सुमारे सव्वा महिन्यातच त्याची भूमिका असलेल्या 'अनोरा' या अमेरिकी चित्रपटानं कानच्या महोत्सवात सर्वोच्च पारितोषिक पटकावलं आणि पुढच्या वर्षी ऑस्करही. पण बावीस वर्षांचा कोल्या आला की गोष्टीचा पोत बदलतो. बारा वर्षांचं मूल भविष्यात जातं ते बघायला. मोठा मुलगा जातो तो लढायला.

याचा अर्थ रिमेक करूच नये, असं मुळीच नाही. १९८५ च्या फिल्मनं तरी पुस्तक जसंच्या तसं कुठं उचललं होतं? १९७८ च्या पुस्तकातलं २०८२ हे साल बदलून तिनं २०८४ केलं, कितीतरी गोष्टी गाळल्या, काही नव्यानं रचल्या. प्रत्येक पिढीनं आपल्या भाषेत गोष्ट सांगावी. आपल्याकडं भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे १९८० च्या दशकात दूरदर्शनवर शाळकरी सुमीत राघवनच्या रूपात आला आणि २०१७ च्या चित्रपटात अमेय वाघच्या रूपात चांगला तरुण होऊन आला. तेव्हा घराघरांत "आमचा बन्या असा नव्हता" आणि "बाबा, मला हाच आवडला" असे दोन पक्ष पडलेच होते की! रशियातही तेच झालं. त्यात बिघडलं काही नाही.

खरी खंत वेगळी आहे. त्या काळातली ही मालमत्ता एकट्या रशियाची नव्हती. माणूस होऊ पाहणाऱ्या यंत्रमुलाची 'इलेक्ट्रॉनिकची साहसं' ही १९७९ ची टीव्ही फिल्म ओडेसाच्या स्टुडिओत तयार झाली. ओडेसा आज युक्रेनमध्ये आहे आणि २०२२ पासून त्या शहरानं रशियन क्षेपणास्त्रं झेलली आहेत. अलिसाची फिल्म करणारे आर्सेनोव्ह जन्मले जॉर्जियाच्या तिबिलिसीत. मॉस्कोच्या रादुगा आणि प्रगती प्रकाशनांची गुळगुळीत कागदावरची मराठी पुस्तकं लोकवाङ्मय गृहामार्फत आपल्याकडच्या घरांत पोचली, त्यांच्यामुळं त्या बालविश्वाचा एक लहानसा वाटा मराठी मुलांच्याही पदरात पडला होता. १९९१ नंतर तो ओघ आटला. एकाच गोष्टीवर वाढलेली मुलं मोठी होऊन एकमेकांवर बंदुका रोखतात, तेव्हा पडद्यावरचा कितीही देखणा उद्या फिका पडतो.

आणि एक साधा हिशेब. १९८५ मध्ये बारा वर्षांचं असलेलं मूल २०८४ मध्ये एकशे अकरा वर्षांचं असेल. त्याला तो काळ दिसण्याची आशा जवळजवळ नाहीच. पण २०२४ मध्ये बारा वर्षांचं असलेलं मूल? ते तेव्हा बहात्तर वर्षांचं असेल. नातवंडांना घेऊन बागेत बसलेलं असेल. म्हणजे अलिसाचा मूळ वायदा याच पिढीच्या हाताला लागण्याजोगा होता! आणि नेमक्या याच वेळी नव्या चित्रपटानं मुदत चाळीस वर्षांनी वाढवून २१२४ केली. आपल्या हिंदी सिनेमातल्या त्या गाजलेल्या वकिलाच्या भाषेत सांगायचं, तर 'तारीख पे तारीख'! शंभर वर्षांचा आकडा जुळवायचा म्हणून हे झालं, हे समजतं. तरी मनाला चुटपुट लागतेच.

मोठ्यांनी मुलांना संकटांचे इशारे जरूर द्यावेत. हवा, पाणी, युद्ध, सगळं त्यांना कळायलाच हवं. पण सोबत एखादी अशी जागाही दाखवावी, जिथं जावंसं वाटेल. त्या जुन्या, थर्माकोलछाप भविष्यात हीच एक गोष्ट भरपूर होती.

तेव्हा वाचकहो, आज रात्री जेवताना एक करून पाहा. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला विचारा, "२०८४ मध्ये तू काय करत असशील?" उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नका, हसू नका. आणि उत्तर आलंच नाही, तर मोबाइल बाजूला ठेवून तुम्हीच गोष्ट सुरू करा.