कोळसा गेला, काजळी उरली

अमेरिकेत अध्यक्षीय निवडणुकीचे पडघम वाजू लागले की कोळसा खाणींचा प्रश्न हटकून ऐरणीवर येतो. पर्यावरणाचे कायदे कडक करून वॉशिंग्टनने खाणकामगारांच्या पोटावर पाय दिला, हा या प्रचाराचा गाभा. त्यात तथ्य किती, हे पाहायचे तर वेस्ट व्हर्जिनिया राज्याच्या दक्षिण टोकावरील मॅकडॉवेल काउंटीचा इतिहास तपासावा लागेल.

१८५८ साली स्थापन झालेली ही काउंटी अ‍ॅपलेशियन डोंगररांगांत वसली आहे. उभे चढ, अरुंद घळी आणि टग फोर्क नदीचे खोरे. सपाट जमीन दुर्मीळ. १८८० मध्ये येथे जेमतेम तीन हजार लोक होते. त्याच दशकात रेल्वे आली आणि पोलादनिर्मितीसाठी उत्कृष्ट मानला जाणारा पोकाहाँटसचा कोळसा बाहेर पडू लागला. दक्षिणेतील कृष्णवर्णीय, इटालियन, हंगेरियन असे मजूर लोंढ्याने आले. परंतु जमीन आणि खनिजाचे हक्क बहुतांशी बाहेरच्या कंपन्यांनी आधीच घेऊन ठेवले होते. घर कंपनीचे, दुकान कंपनीचे, अनेक ठिकाणी मजुरीही कंपनीच्याच नाण्यांत! संघटना बांधू पाहणाऱ्यांचे काय होत असे, हे १ ऑगस्ट १९२१ रोजी दिसले. कामगारांची बाजू घेणारा मेटवानचा पोलिसप्रमुख सिड हॅटफील्ड याला वेल्च येथील न्यायालयाच्या पायऱ्यांवर खाणमालकांच्या भाडोत्री गुप्तहेरांनी गोळ्या घातल्या.

१९५० मध्ये काउंटीची लोकसंख्या ९८,८८७ होती. १९७० मध्ये ती ५०,६६६ वर आली. अमेरिकेची पर्यावरण संरक्षण संस्था स्थापन झाली ती याच १९७० साली! म्हणजे कडक कायदे येण्यापूर्वीच निम्मी वस्ती उठून गेली होती. ती उठवली यंत्रांनी. जॉन एल. लुईस यांच्या कामगार संघटनेने चांगले वेतन आणि आरोग्य निधीच्या बदल्यात यांत्रिकीकरण मान्य केले होते. १९६०च्या प्रचारात जॉन केनेडी यांनी येथील दारिद्र्य पाहिले आणि मे १९६१ मध्ये अन्न-कुपनांच्या नव्या योजनेचा प्रारंभ याच काउंटीत झाला. १९८०च्या दशकात पोलाद उद्योगातील मंदीने उरलेसुरले कंबरडे मोडले. २०२० मध्ये येथे १९,१११ माणसे उरली.

पुढील काळात पर्यावरणाच्या निर्बंधांनी आणि स्वस्त नैसर्गिक वायूने कोळशाची अडचण वाढवली, हे खरेच. पण मूळ दुखणे त्याहून जुने आहे. २००८ मध्ये बराक ओबामा यांना कौल देणाऱ्या या काउंटीत २०१६ मध्ये सुमारे तीन चतुर्थांश मते डोनाल्ड ट्रम्प यांना पडली. सत्ताधारी कोणीही असोत, आपल्याला वाऱ्यावर सोडले गेले, ही मतदारांची भावना निराधार म्हणता येणार नाही. मात्र त्यांना मिळालेले उत्तर चुकीचे आहे. खाणी पूर्ण जोमाने सुरू झाल्या तरी यंत्रांच्या युगात त्या पूर्वीइतके हात मागणार नाहीत. आणि नवा उद्योग उभारायचा तर सपाट जागा कोठे आहे? जी आहे ती नदीकाठी. तेथे २००१, २००२ आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये महापुराने थैमान घातले.

अनेक दशके या डोंगरांनी देशाच्या पोलादभट्ट्या पेटत्या ठेवल्या. नफा मात्र आगगाडीत बसून कोळशाबरोबरच निघून गेला. खाणी वाचवण्याची घोषणा द्यायला सोपी. खनिजाच्या उत्पन्नातला किती वाटा स्थानिकांच्या शाळांसाठी, पाण्यासाठी आणि सुरक्षित घरांसाठी राखायचा, हा प्रश्न कठीण. आणि तो वेळीच कोणी विचारला नाही, त्याचीच किंमत मॅकडॉवेल आज मोजत आहे.