झाकण उघडण्यापूर्वी

“लेखन शिकण्यासाठी का चार वर्षे घालवायची?” पदवीसाठी तांत्रिक लेखन हा मुख्य विषय घेऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या वडिलांचा हा प्रश्न. प्रश्न वाजवी आहे. उत्तर मात्र आपल्या स्वयंपाकघरातच सापडते.

प्रेशर कुकरच्या पुस्तिकेत समजा असे लिहिले असेल : ‘झाकण उघडा, तत्पूर्वी वाफ पूर्णपणे जाऊ द्या.’ या वाक्यात व्याकरणाचा दोष नाही. परंतु पहिले दोन शब्द वाचताच वाचणाऱ्याचा हात झाकणाकडे गेलेला असतो! ज्या क्रमाने कृती करावयाची त्याच क्रमाने ती सांगावयाची, आणि धोक्याची सूचना कृतीच्या आधी द्यावयाची, हा या विद्येचा पहिला धडा होय.

दुसऱ्या महायुद्धात नवनवी यंत्रे अननुभवी हातांत पडली, तेव्हा अमेरिकेत या विद्येची निकड तीव्रतेने जाणवली. रेन्सेलिअर पॉलिटेक्निक संस्थेने १९५३ मध्ये पदव्युत्तर, तर पिट्सबर्गच्या कार्नेगी संस्थेने १९५८ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू केला. अशा अभ्यासक्रमांत भाषेबरोबरच शास्त्रविषय, आकृत्यांची मांडणी आणि मजकूर प्रत्यक्ष वापरणाऱ्याकडून तपासून घेण्याची पद्धत यांनाही स्थान असते.

मूळ पुस्तिकाच संदिग्ध असली, म्हणजे भाषांतरकाराला या शिक्षणाचे मोल कळते. शब्दाला प्रतिशब्द देता येतो. पण लेखकाने न केलेला विचार कोठून आणावा?

तेव्हा मुलीला हा विषय अवश्य घेऊ द्यावा. मात्र तिने एखादे शास्त्र आणि आपली मातृभाषा, दोन्ही पक्की करावीत. कुकर घरोघरी पोचला आहे. त्याची पुस्तिकाही घरातील प्रत्येकाला कळली पाहिजे.