जे सर्वांना ठाऊक, त्याचे पेटंट कसे?

मेहकर-चिखलीच्या शिवारात सोंगणी करताना विळा लागला, तर जखमेवर हळद दाबावी, हे बुलढाणा जिल्ह्यात कुणाला शिकवावे लागत नाही. त्याच उपयोगासाठी अमेरिकेने मार्च १९९५ मध्ये मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला पेटंट बहाल केले. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखालील वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ मध्ये ते अवैध ठरले.

या विजयाचा अभिमान जरूर बाळगावा. पण तो कशाच्या बळावर मिळाला, हेही ध्यानी घ्यावे. तेव्हाच्या अमेरिकी कायद्यात परदेशातील नुसता वापर, मग तो कितीही पुरातन असो, जमेस धरला जात नसे. छापील पुरावा लागे. परिषदेने ३२ संदर्भ सादर केले. त्यांत संस्कृत ग्रंथांबरोबर १९५३ सालचा वैद्यकीय नियतकालिकातील लेखही होता. आजीबाईच्या बटव्याची साक्ष तेथे चालली नसती, कागदाची चालली. २०१३ पासून अमेरिकेत जगभरातील सार्वजनिक वापर ग्राह्य मानला जातो. तरी तो सिद्ध करावाच लागतो.

पेटंटला केवळ नावीन्य पुरत नाही. त्या विषयातील जाणकाराला जे सहज सुचले असते, त्यावर मक्तेदारी देता येत नाही. भांडी कातताना ती पकडून ठेवणाऱ्या साधनाचे पेटंट अवैध ठरवताना आपल्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये हेच तत्त्व सांगितले : कारखान्यातील नित्याच्या सुधारणेहून अधिक काही हवे. परंतु जाणकाराचे ज्ञानच नोंदलेले नसेल, तर परीक्षकाला सामान्य गोष्टही अपूर्व भासणार!

याची दुसरी बाजूही आहे. शोध लागल्यावर सारेच सोपे वाटते. हळदीपासून कोणी खरोखर नवी प्रक्रिया सिद्ध केली, तर ‘हे आमच्याकडे होतेच’ असे म्हणणे हा स्वाभिमान नव्हे, आळस होय.

२००१ मध्ये सुरू झालेल्या पारंपरिक ज्ञानाच्या डिजिटल ग्रंथालयात ग्रंथस्थ ज्ञान आले, ओठांवरचे राहिले. २००२ च्या जैवविविधता कायद्याने गावोगाव लोकजैवविविधता नोंदवहीची सोय केली आहे. कार्यकर्त्यांनी जाणत्या वैदूंपाशी, वृद्ध मातांपाशी बसून, त्यांच्या संमतीने ती परिपूर्ण करवून घ्यावी. मात्र गावातील तरुणाने नवे अवजार घडवले असेल, तर प्रदर्शनात मांडण्याआधी त्याचा पेटंट-अर्ज दाखल करावा. परंपरेची नोंद आणि प्रतिभेचे रक्षण, ही दोन्ही राष्ट्रकार्येच आहेत.