कोरियनकडे जाणारी मराठी वाट

एकेकाळी परकीय भाषा शिकायची म्हटले की मराठी घरांत जर्मन, फ्रेंच, रशियन वा फार तर जपानी एवढीच नावे निघत. आज अनेक महाविद्यालयीन मुलामुलींच्या वहीत कोरियन अक्षरे दिसतात. शिक्षक नाही, वर्ग नाही. भ्रमणध्वनीच्या साह्याने हा स्वाध्याय चाललेला असतो. त्याला मालिकांचे वेड म्हणून हिणवण्याचे कारण नाही. रांजणगावला एलजीचा कारखाना आहे, तळेगावचा कारखाना घेण्याचा करार ह्युंदाईने २०२३ मध्ये केला आणि २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही माध्यमिक शाळांत शिकवायच्या परकीय भाषांमध्ये कोरियनचे नाव घेतले आहे. प्रश्न वेगळाच आहे. ही मुले कोरियन शिकतात, ती कोणत्या भाषेतून?

बहुतेक जण इंग्रजीतून शिकतात, आणि तेथेच जवळची वाट सोडून दूरचा वळसा सुरू होतो. कोरियन वाक्यात आधी कर्ता, मग कर्म, शेवटी क्रियापद. नामाला प्रत्यय मागून लागतात. इंग्रजी पुस्तकाला हे समजावण्यास पानेच्या पाने खर्चावी लागतात; मराठी मुलाला ते जन्मतः ठाऊक असते. ‘ना’ म्हणजे मी, ‘नादो’ म्हणजे मीही. आपण ‘खाऊन बघ’ म्हणतो. कोरियन माणूसही ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे शब्दशः ‘खाऊन बघणे’ असेच म्हणतो. ‘खाऊन टाकणे’ याला त्यांचा शब्द ‘मॉगॉ बॉरिदा’. त्यातील ‘बॉरिदा’चा अर्थ टाकून देणे हाच आहे. इंग्रजीत या दोन्ही ठिकाणी ‘बघणे’ही नाही आणि ‘टाकणे’ही नाही.

लिपीचे उदाहरण तर अधिकच बोलके आहे. राजा सेजोंग याने १४४३ मध्ये सिद्ध करून १४४६ मध्ये प्रजेसाठी जाहीर केलेल्या या लिपीत मुळात २८ अक्षरे होती. आज २४ मूळाक्षरे वापरात आहेत. उच्चारस्थानांनुसार व्यंजनांची वर्गवारी हे तिचे सूत्र. कंठ्य, दंत्य, ओष्ठ्य हा क्रम ज्याने बालपणी घोकला, त्याला ते नवे नाही. ‘गुक’ म्हणजे सार, ‘मुल’ म्हणजे पाणी. दोन्ही जोडले की उच्चार होतो ‘गुङमुल’. वाक् आणि मय मिळून वाङ्मय होते, तोच हा नियम!

नातेसंबंधांतही हेच. इंग्रजीने आत्या आणि मावशी एकाच शब्दात कोंबल्या. कोरियनमध्ये आत्या ‘गोमो’ आणि मावशी ‘इमो’. खानावळीत वाढणाऱ्या प्रौढ स्त्रीलाही तिकडे ‘इमो’ अशी हाक मारतात, जशी आपल्याकडे ‘मावशी’. वयाने मोठ्या व्यक्तीशी बोलताना क्रियापदाचे रूप बदलते, हे ज्या घरात तू, तुम्ही आणि आपण यांचा विवेक पाळला जातो तेथे वेगळे शिकवावे लागत नाही.

अर्थात मराठी सर्वत्र तारून नेईल, असे मानणे भाबडेपणाचे ठरेल. आपण अल्पप्राण आणि महाप्राण असे दोन भेद जाणतो. कोरियनमध्ये कंठ आवळून काढायचा तिसराही ध्वनी आहे. तास मोजायचे देशी संख्यांनी आणि मिनिटे चिनी मुळाच्या संख्यांनी, ही शिस्तही नवीच. लिपी आठवड्यात येते, भाषेला वर्षे लागतात. चूक दाखवणारा कोणी नसेल तर ती सवय होऊन बसते. म्हणून एकट्याने शिकणाऱ्यानेही बोलायला एखादा जाणकार शोधलाच पाहिजे.

मात्र खरी चिंता याहून निराळी आहे. ज्या मुलाने विभक्ती, संधी आणि प्रयोग मराठीतून कधी शिकलेच नाहीत, त्याच्यासाठी ही जवळची वाट असूनही नसल्यासारखी आहे. तो बोलतो मराठी, पण तिचे व्याकरण जाणत नाही. स्वभाषेचे व्याकरण काय उपयोगाचे, असे विचारणाऱ्या पालकांना याहून रोकडे उत्तर कोणते द्यावे?

इंग्रजी साधने विपुल आहेत, ती अवश्य वापरावीत. परंतु वहीत प्रत्येक कोरियन वाक्याखाली अर्थ मराठीत लिहावा. व्याकरण शिकवण्यात आयुष्य घालवलेले निवृत्त शिक्षक आणि कोरियन जाणणारे तरुण यांनी एकत्र बसून मराठी माणसासाठी नेटकी पाठमाला रचावी. खर्च फारसा नाही, पुढच्या विद्यार्थ्यांची कित्येक वर्षे मात्र वाचतील. परभाषेचे दार उघडायला निघालेल्या मुलांच्या हाती घरचीच किल्ली देणे, एवढे तरी वडीलधाऱ्यांनी करायला हवे.