पाण्याचा जमाखर्च आणि ग्रामसभेची वही

शहापूर तालुक्यातले भातसानगर हे काही जुने गाव नव्हे. धरण आले, धरणाबरोबर वसाहत आली आणि वसाहतीला नाव मिळाले. जवळच्या माहुली किल्ल्याला इतिहास आहे. १६३६ साली शहाजीराजांनी शर्थ करून तो अखेर मोगल व आदिलशाहीच्या वेढ्यात सोडला, हे आपण शाळेत शिकतो. पण ज्यांच्या जमिनीवर धरणाचे पाणी पसरले, त्या पाड्यांचा इतिहास कुणी लिहिला?

या मुलखाचे पाणी मुंबईला जाऊ लागले ते १८९२ साली, तानसा तलावापासून. आज मुंबईच्या सात तलावांची एकूण क्षमता सुमारे १४.५ लाख दशलक्ष लिटर. त्यातला जवळजवळ निम्मा वाटा एकट्या भातसाचा. आणि याच तालुक्यातल्या कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरच्या वाटेकडे डोळे लावून हंडे रांगेत बसतात. उभी नोकरी खातेवह्या जुळवण्यात घालवलेल्या माणसाला हा ताळेबंद पटत नाही. मुंबईकराचे पाणी तोडा, असे कुणी शहाणा म्हणणार नाही. पण ज्याच्या खात्यातून रक्कम निघते, त्याची सही कुठे आहे?

सहीची जागा कायद्याने राखलेली आहे. १९५८ च्या कायद्याने ग्रामपंचायतींची आजची घडी बसली, १९६२ साली जिल्हा परिषदा आल्या, १९९३ साली ७३व्या घटनादुरुस्तीने ग्रामसभेला घटनेचा आधार मिळाला आणि १९९६ च्या पेसा कायद्याने आदिवासी भागातल्या ग्रामसभेचे हात आणखी बळकट झाले.

अडते ते उपस्थितीपाशी. सर्वसाधारण ग्रामसभेला मतदारांपैकी १५ टक्के किंवा १००, यांतला जो आकडा कमी, तेवढी माणसे लागतात. तेवढीही जमली नाहीत की सभा तहकूब. आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नाही. मग चार डोकी बसतात आणि गावाच्या नावाने ठराव होतो. ग्रामसभेआधी महिलांची स्वतंत्र सभा घ्यावी, असेही कायदा सांगतो. हंडा वाहणारी बाई त्या सभेत बोलली, तर पाण्याचा विषय मागे पडेल कसा?

ठरावाने विहिरीला पाणी लागत नाही, हे खरे. पण कोणत्या तारखेला विहीर आटली, टँकर किती आले, कुणाकडे अर्ज केला, काय उत्तर आले, हे दर सभेच्या इतिवृत्तात उतरू द्या. बिननोंदीची तक्रार कचेरीच्या दारातूनच परत येते. सलग पाच वर्षांची नोंद घेऊन गेलेल्या गावाला मात्र उत्तर द्यावे लागते. आणि पुढे कुणी गावाचा इतिहास लिहायला बसलाच, तर त्याला तीच वही उघडावी लागेल.